सल्ला सदर: ओहायोतला मोबाइल होम पार्क घ्यावा का?

पत्र: आम्ही कोलंबसच्या आसपास राहणारी पाच मराठी कुटुंबं मिळून एक मोबाइल होम पार्क (कारखान्यात बनवून आणलेल्या घरांसाठी जागा भाड्याने देणारी वसाहत) घ्यायच्या विचारात आहोत. पार्क शहरापासून तासाभरावर आहे. ४८ लॉट (एकेका घराची जागा), त्यातले ४० भरलेले. २६ घरं रहिवाशांची स्वतःची, १४ पार्कच्या मालकीची. लॉटचं भाडं महिना ३४० डॉलर, पार्कच्या घरांचं ८५०. पाण्याचा एकच मोठा मीटर आहे आणि बिल मालक भरतो. मागणी १९.५ लाख डॉलर. ब्रोकर म्हणतो कॅप रेट (वर्षाचं निव्वळ उत्पन्न भागिले किंमत) ९ टक्के पडतो. शिवाय आसपास लॉटचं भाडं ४२५ आहे, तेव्हा वाढवायला वाव आहे. माझे यजमान एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर आहेत, मी एच-४ ईएडी (त्यांच्या व्हिसामुळे मिळालेला कामाचा परवाना) वर. रोजचं काम मी बघेन. आमचा वाटा पुण्यातला फ्लॅट विकून उभा करायचा आहे. ब्रोकरला याच आठवड्यात उत्तर हवंय. काय तपासायचं?
– एक वाचक, ओहायो

उत्तर:

सप्रेम नमस्कार. या आठवड्यात द्यायचं उत्तर सोपं आहे: या किमतीला नाही. पार्क वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही, ते अजून कुणालाच माहीत नाही. पण ९ टक्क्यांचा आकडा ज्या हिशेबातून आलाय तो हिशेबच चुकीचा आहे.

ब्रोकरने काय केलं ते बघा. २६ लॉटचं भाडं वर्षाला १,०६,०८० डॉलर. १४ घरांचं १,४२,८००. एकूण २,४८,८८०. त्यातून ३० टक्के खर्च वजा करून १,७४,२१६ उरले आणि त्याला १९.५ लाखांनी भागलं. आला ९ टक्के. यात दोन चुका आहेत. पाणी मालक भरत असलेल्या पार्कात ३० टक्क्यांत खर्च भागत नाही, ४० टक्के धरावे लागतात. ३० चा आकडा रहिवासी स्वतःचं पाणी-सीवर भरतात तिथला. दुसरी चूक मोठी आहे. जुन्या घराचं भाडं जमिनीच्या भाड्यासारखं धरलंय. जमीन झिजत नाही. घराचं छप्पर गळतं, फर्नेस जातो, थंडीत पाइप फुटतात, भाडेकरू गेला की गालिचा आणि रंग आला, मधले दोन महिने घर रिकामं. लॉटच्या भाड्याच्या वरचे जे ५१० डॉलर दिसतात, ते जुन्या घरांत दुरुस्ती, विमा, घराचा कर आणि रिकामे महिने यांतच बहुतेक जिरतात. बँकाही या घरांच्या उत्पन्नावर सहसा कर्ज देत नाहीत.

म्हणून चाळीसही भरलेले लॉट ३४० नेच मोजा, घर कुणाचंही असो. ४० × ३४० × १२ म्हणजे १,६३,२००. त्यातून ४० टक्के वजा केले की ९७,९२०. याला ८ टक्के कॅप रेट लावला तर जमिनीची किंमत येते १२.२४ लाख. १४ घरं वेगळी मोजा, जुन्या गाड्या मोजतो तशी, एकेक बघून. सरासरी १२ हजार धरले तर १.६८ लाख. एकूण १३.९२ लाख. मागणी याच्या साडेपाच लाखांनी वर आहे.

कर्जाच्या बाजूनेही हेच दिसतं. मागणीच्या ७० टक्के म्हणजे १३.६५ लाख कर्ज, साडेसात टक्के व्याज, २५ वर्षांची परतफेड धरली तर वर्षाचे हप्ते १,२१,००० च्या घरात जातात. जमिनीचं निव्वळ उत्पन्न ९७,९२०. म्हणजे पहिल्या दिवसापासून पाचही कुटुंबांनी खिशातून भर घालायची. बँक साधारणपणे हप्त्याच्या सव्वापट उत्पन्न मागते. त्या हिशेबाने या पार्कावर ८.८ लाखांच्या आसपास कर्ज मिळेल. स्थानिक बँकांच्या कर्जात बहुधा पाच वर्षांनी बाकी रक्कम एकदम देय होते किंवा व्याजदर नव्याने ठरतो, हेही करारात वाचून घ्या. विक्रेता स्वतः काही रक्कम हप्त्यांनी घ्यायला तयार आहे का, हा प्रश्न जरूर विचारा. छोट्या पार्कांत तसं पुष्कळदा होतं, आणि ज्याला आपल्या पाइपांची भीती नाही तोच तयार होतो.

आता वरचा सगळा हिशेब ‘४० भरलेले’ या दोन शब्दांवर उभा आहे, आणि तेच आधी तपासायचे आहेत. विक्रेत्याचा रेंट रोल, म्हणजे कुठल्या लॉटवर कोण आणि भाडं किती याची यादी, हा त्यानेच लिहिलेला कागद. त्याच्या शेजारी बारा महिन्यांचे बँक स्टेटमेंट ठेवा आणि प्रत्येक महिन्याची जमा जुळवा. तीन वर्षांची कर विवरणपत्रं मागा. ‘बरेच जण रोख देतात, ते खात्यात दिसत नाही’ असं उत्तर आलं तर खात्यात न दिसलेल्या पैशाची किंमत शून्य धरा. एक लॉट भाडं देत नसेल तर वर्षाला ४,०८० डॉलर जातात, खर्च मात्र तेवढाच राहतो. ८ टक्क्यांनी तो एक लॉट तुमच्या किमतीत ५१ हजारांचा खड्डा आहे. चार असे निघाले तर दोन लाख. मॅनेजर फुकट राहत असलेला लॉट, मालकाच्या भाच्याचा लॉट, मागच्या महिन्यात ‘पहिले तीन महिने मोफत’ म्हणून भरलेले लॉट – हे सगळे भरलेल्यांतच मोजलेले असतात.

पार्कात स्वतः जा. एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी आणि एकदा रविवारी. लॉटचा नकाशा हातात घ्या आणि प्रत्येक घरापुढे थांबून विजेचा मीटर बघा. मीटर काढलेला किंवा बंद असेल तर त्या घरात कुणी राहत नाही, रेंट रोल काहीही म्हणो. सौदा पुढे गेला की प्रत्येक रहिवाशाकडून सही केलेलं एस्टॉपेल (भाडेकराराच्या तपशिलांना दुजोरा देणारा कागद) घ्या: भाडं किती, कुठवर भरलंय, डिपॉझिट किती, घर कुणाचं. घर कुणाचं या प्रश्नावर पुष्कळ सौदे अडकतात. मालक म्हणतो घर पार्कचं. आत राहणारा म्हणतो, मी तीन वर्षं हप्ते भरतोय, घर माझं.

त्या १४ घरांची टायटलं (मालकीची कागदपत्रं) पहिल्या आठवड्यातच मागा. ओहायोत अशा घराचं टायटल काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसातून मिळतं, आणि घरावरचा कर थकला असेल तर ते तुमच्या नावावर होताना अडतं. टायटल नसलेलं घर तुम्ही धड विकू शकत नाही. घर १५ जून १९७६ च्या आधीचं आहे की नंतरचं, हेही बघा. त्या तारखेपासून हड या केंद्रीय खात्याची बांधणी-मानकं लागू झाली. नंतरच्या घराच्या बाहेरच्या बाजूला लाल धातूची पट्टी असते, आत कपाटात किंवा विजेच्या पॅनेलजवळ डेटा प्लेट. आधीच्या घराला विमा, कर्ज आणि हलवायची परवानगी, तिन्ही मिळणं कठीण. ते घर रिकामं झालं की बहुतेक वेळा त्याचं मूल्य संपतं आणि पाडून न्यायचा काही हजारांचा खर्च उरतो. म्हणून ‘सरासरी १२ हजार’ हा आमचा आकडाही घर बघितल्यावर खाली येऊ शकतो.

आता जमिनीखालचं. पार्कात पैसे बुडतात ते बहुतेक इथे, आणि विकत घेणारे सर्वांत कमी वेळ इथेच घालवतात.

पाण्यापासून सुरुवात करा. दोन वर्षांची पाण्याची बिलं मागा आणि डॉलर बाजूला ठेवून गॅलन बघा. एका घराला महिना चार ते पाच हजार गॅलन पुरतात. चाळीस घरांना दोन लाखांपर्यंत. बिलावर साडेतीन-चार लाख दिसत असतील तर अर्धं पाणी जमिनीत जातंय. खात्री करायची असेल तर रात्री दोन ते चारच्या दरम्यान मोठ्या मीटरवरचा आकडा दोनदा टिपा. त्या वेळी वापर जवळपास नसतो. मिनिटाला पाच गॅलन जात असतील तरी दिवसाला ७,२०० आणि महिन्याला २,१६,००० गॅलन होतात. बिलात पाण्याबरोबर सीवरचाही आकार त्याच गॅलनवर लागत असेल तर गळती दुप्पट महाग. पाइप कशाचे आहेत ते विचारा: पीव्हीसी चांगलं, गॅल्व्हनाइज्ड आतून गंजून बंद होतं, १९७८ ते १९९५ च्या काळातलं राखाडी पॉलिब्युटिलीन असेल तर जोड फुटत राहतात, बदलायचा खर्च किमतीतून कापून घ्या. प्रत्येक लॉटला वेगळा बंद करायचा व्हॉल्व्ह आहे का, हे चालून बघा. नसेल तर एका घराच्या नळासाठी सगळ्या पार्काचं पाणी बंद करावं लागतं.

हे पाणी गावाचं आहे की विहिरीचं, तुमच्या पत्रात नाही. विहिरीचं असेल तर तुम्ही जमीनमालकाबरोबर पाणीपुरवठा संस्थाही होता. बारमाही राहणाऱ्यांच्या १५ जोडण्या किंवा २५ माणसं झाली की केंद्रीय कायद्याप्रमाणे ती सार्वजनिक पाणीयोजना ठरते: नमुने तपासायचे, अहवाल पाठवायचे, परवानाधारक ऑपरेटर ठेवायचा. तुमच्या जागेपासून गावाची लाइन किती फुटांवर आहे आणि गाव जोडणी देईल का, हे पाणीखात्यालाच विचारा; ब्रोकरच्या ‘जवळच आहे’ वर जाऊ नका.

सीवरसाठी मुख्य लाइनमध्ये कॅमेरा घालायचा, एका मॅनहोलपासून दुसऱ्यापर्यंत, सगळी लांबी. प्लंबरकडून व्हिडिओ घ्या आणि त्यावर फुटांचा आकडा चालू असला पाहिजे, म्हणजे कुठे खणायचं ते कळतं. तीन गोष्टी शोधायच्या: झाडांची मुळं, पाइप खाली बसून पाणी साचलेले भाग, आणि पाइप कशाचा आहे. जुन्या पार्कांत भाजलेल्या मातीचे पाइप असतात. ते जोडाजोडांत हलतात, पण बदल हळूहळू करता येतो. ऑरेंजबर्ग निघालं तर मात्र थांबा. डांबरात भिजवलेल्या कागदी लगद्याचे हे पाइप दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत पुष्कळ घातले गेले. ते दाबले जाऊन चपटे होतात, दुरुस्त होत नाहीत, सगळेच बदलावे लागतात. सेप्टिक असेल तर किती टाक्या, कुठल्या टाकीवर किती लॉट, मुरण्याची जागा कुठे आणि ती नापास झाली तर दुसरी जागा आहे का, हे सरकारी परवान्याच्या नोंदीत बघा. पार्काचा स्वतःचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प किंवा लगून (सांडपाण्याचं तळं) असेल तर केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या ‘एको’ या सार्वजनिक संकेतस्थळावर त्या परवान्याचे उल्लंघनांचे तपशील दिसतात. पहिला पार्क घेणाऱ्यांनी खासगी प्रकल्प असलेला पार्क घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

वीज: खांबाजवळचे पेडेस्टल (घराला वीज जोडायच्या पेट्या) कुणाच्या मालकीचे आणि किती अँपचे? ६० अँपवर आजचं सगळं विजेवर चालणारं घर चालत नाही. गॅसचा एकच मोठा मीटर असून पुढचं वाटप पार्क करत असेल तर पाइपलाइन-सुरक्षेचे केंद्रीय नियम तुम्हाला लागू होतात, गळतीची तपासणी आणि नोंदींसकट. रस्त्यावर नवा डांबरी थर चौरस फुटाला दोन-तीन डॉलर. वीस फूट रुंद आणि दोन हजार फूट लांब रस्ता असेल तर ८० हजार ते १.२ लाख. ओहायोच्या गोठण्या-वितळण्यात हा खर्च टळत नाही.

ते आठ रिकामे लॉट ब्रोकर ‘वाव’ म्हणून विकतोय. त्यांच्यासाठी आज एक डॉलरही देऊ नका. आधी काउंटी किंवा टाउनशिपकडून झोनिंगचं (कुठल्या जागेवर काय चालतं या नियमांचं) लेखी पत्र घ्या. जुने पार्क पुष्कळदा आजच्या झोनिंगमध्ये बसत नाहीत, जुने म्हणून चालू दिलेले असतात. अशा ठिकाणी लॉट ठरावीक काळ, कुठे सहा महिने तर कुठे वर्ष, रिकामा राहिला की तिथे पुन्हा घर ठेवायचा हक्क जाऊ शकतो. पत्रात नेमका हा प्रश्न विचारा: अमुक क्रमांकाच्या लॉटवर आज घर आणता येईल का? हो आलं तरी टेप घेऊन जा. १९६० च्या दशकातले लॉट १० किंवा १२ फूट रुंद आणि ५० फूट लांब घरांसाठी आखलेले. आजचं सिंगलवाइड (एकाच भागात आणलेलं घर) १४ ते १६ फूट रुंद आणि बहुधा ५६ ते ७६ फूट लांब. शेजारच्या घरापासून सोडायचं अंतर धरलं की आठातले तीनच लॉट उपयोगाचे निघतात, असंही होतं. आणि प्रत्येक लॉट भरायचा तर नवं घर आणून, बसवून, स्कर्टिंग (घराखालची मोकळी जागा झाकणाऱ्या पट्ट्या) आणि पायऱ्या लावून सत्तर-ऐंशी हजारांच्या पुढे खर्च सहज जातो. तो पैसा बँक पार्काच्या कर्जात देत नाही. घर रहिवाशाला हप्त्यांनी विकायचं असेल तर आधी वकील गाठा. २००८ च्या सेफ अ‍ॅक्ट या केंद्रीय कायद्याखाली परवानाधारक लोन ओरिजिनेटर (घरकर्जाचे व्यवहार ठरवणारा माणूस) लागू शकतो.

४२५ च्या भाड्याबद्दल आम्हाला थोडं सविस्तर सांगायचंय. आधी पडताळणी: दहा मैलांतल्या प्रत्येक पार्काला फोन करून भाडं, त्यात पाणी धरलंय का, आणि किती लॉट रिकामे आहेत, हे विचारा. ४२५ घेणाऱ्या पार्कात गावाचं पाणी, नवे रस्ते आणि दोन गाड्यांची जागा असेल तर तुलना होत नाही. पण भाव खरा असला तरी ३४० वरून ४२५ म्हणजे एका फटक्यात २५ टक्के, दर घराला वर्षाला १,०२० डॉलर. ‘मोबाइल’ म्हणवणारं घर खरं तर हलत नाही. न्यायला पाच ते पंधरा हजार लागतात आणि जुनं घर दुसरा पार्क घेत नाही. म्हणून रहिवासी सहज जाऊ शकत नाहीत, आणि याच गोष्टीला काही गुंतवणूकदार ‘स्थिर उत्पन्न’ म्हणतात. त्या २६ घरांत सोशल सिक्युरिटीवर जगणारी म्हातारी माणसं असणार. ज्या खरेदीचा हिशेब त्यांचं भाडं पाव हिश्श्याने वाढवल्याशिवाय बसत नाही, ती खरेदी करू नका. दरवर्षी थोडी वाढ आणि आधी दुरुस्त केलेला रस्ता, हे चालतं. पाण्याचे वेगळे मीटर बसवले आणि भाड्यात थोडी सूट दिली तर गळकी टॉयलेटं आपोआप दुरुस्त होतात. मात्र राज्याचा नियम आणि चालू भाडेकरार काय सांगतात ते आधी बघा. भाडेवाढीचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत: न्यूयॉर्कने २०१९ मध्ये वार्षिक वाढ साधारण ३ टक्क्यांवर आणली, तर न्यू हॅम्पशायरमध्ये पार्क विकण्याआधी रहिवाशांना ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे ते स्वतः घेऊ शकतील. दुसऱ्या राज्यातला पार्क बघाल तर हे आधी वाचा.

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवा. करारात ६० दिवस तपासणीचे मागा, सौद्यासाठी ठेवलेलं डिपॉझिट तोवर पूर्ण परत मिळणारं, आणि कागद द्यायला विक्रेत्याने लावलेला उशीर त्या ६० दिवसांत न धरण्याची अट घाला. पहिल्या दोन आठवड्यांत झोनिंगचं पत्र, बँक स्टेटमेंट, टायटलं, पाण्याची बिलं, पार्काचा राज्य परवाना आणि फेमा या केंद्रीय आपत्ती-निवारण संस्थेचा पूरनकाशा. यात काही खर्च नाही आणि निम्मे पार्क इथेच गळतात. मग कॅमेरा आणि इलेक्ट्रिशियन. ते पार पडलं तरच फेज-१ पर्यावरण अहवाल (जमीन पूर्वी दूषित झाली असेल का याची तपासणी), दोन-तीन हजार डॉलरचा. बँक मागतेच, आणि जमिनीत जुनं तेल किंवा रसायन निघालं तर निर्दोष खरेदीदार म्हणून कायदेशीर बचाव याच अहवालावर उभा राहतो. जमिनीच्या हद्दींचा सर्व्हे सगळ्यात शेवटी. मालमत्ता कर विकत घेतल्यावर वाढू शकतो, तेव्हा विक्रेत्याचं जुनं बिल हिशेबात न घेता तुमच्या किमतीवर कर किती येईल ते काढा. विम्याचा भाव घेताना १४ भाड्याची घरं आणि मोठी झाडं आहेत हे एजंटला स्पष्ट सांगा.

पाच कुटुंबांचा मुद्दा मैत्रीत विसरला जातो. सगळे मिळून चालवणार असाल तर एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) आणि नीट लिहिलेला करार पुरतो. पण दोघं चालवणार आणि तिघं फक्त पैसे घालणार असतील तर ते तीन वाटे कायद्याने सिक्युरिटी (शेअरसारखी गुंतवणूक) ठरू शकतात आणि त्याचे नियम वेगळे आहेत. वकिलाला पाचही जणांची भूमिका सांगा. करारात तीन गोष्टी हव्याच: जास्तीचा पैसा लागला आणि एकाने दिला नाही तर काय, एकाला बाहेर पडायचंय तर वाटा कुठल्या किमतीने, आणि कुणी भारतात परतलं तर सही कोण करणार.

तुमचे यजमान एच-१बी वर भागीदार असू शकतात, नफा घेऊ शकतात. भाडं गोळा करणं, प्लंबरला कामाला लावणं, लीजवर सह्या करणं हे रोजचं काम त्यांनी करू नये. तुमच्या ईएडी वर तुम्ही करू शकता, पण कार्ड संपलं आणि नूतनीकरण अडकलं तर त्या दिवसापासून तुम्हालाही थांबावं लागेल. म्हणून पार्काजवळचा पगारी मॅनेजर हिशेबात आजच धरा. तसंही तासाभराच्या अंतरावरून जानेवारीत फुटलेला पाइप सांभाळता येत नाही.

पुण्याच्या फ्लॅटचं काम मात्र लगेच सुरू करा, कारण त्याला पार्कापेक्षा जास्त वेळ लागेल. तुम्ही अनिवासी असल्याने खरेदीदाराला कर कापावा लागतो, आणि आधी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला घेतला नाही तर ती कपात नफ्याऐवजी पूर्ण विक्री किमतीवर होऊन पैसे परताव्यापर्यंत अडकतात. २३ जुलै २०२४ पासून अनिवासींसाठी दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर, इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे न वाढवता). पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यात) येतील. तिथून सीएच्या प्रमाणपत्रावर आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. अमेरिकेतही हा नफा दाखवावा लागतो, भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, आणि नफा दोन्ही तारखांच्या विनिमय दराने डॉलरमध्ये मोजायचा असल्यामुळे तो रुपयांतल्या नफ्यापेक्षा बराच कमी निघू शकतो. खरेदीखत आणि त्या वर्षाचा दर शोधून ठेवा. पैसे अमेरिकेतल्या खात्यात येईपर्यंत डिपॉझिट न परतणारं होईल अशी कुठलीही तारीख पार्काच्या करारात स्वीकारू नका.